कोसा लाको, कोसा लांगु

स्वाहिली भाषेत चुकीला ‘कोसा’ म्हणतात. विदर्भातल्या वाचकांना कोसा म्हटले की रेशमी साडी आठवेल, पण तिचा इथे काही संबंध नाही. हा कोसा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. टांझानियात तो दिवसातून दहा वेळा कानावर पडतो : बाजारात, बसमध्ये, शाळेत, फोनवर. एवढ्याशा शब्दासाठी वार्षिकांकाची पाने अडवण्याचे कारण काय, असे संपादक विचारतील. कारण असे, की हा शब्द वाक्यात कसा वापरायचा हे शिकायला मला पाऊण वर्ष लागले, आणि तो नीट वापरता आला तोवर उशीर झाला होता. शिवाय त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही.

२०२२ च्या जूनमध्ये मी दार-ए-सलामला मामांकडे गेलो आणि २०२३ च्या अखेरीस परत आलो. मामा तिथे वीस वर्षांपासून एका कंपनीत हिशेबनीस आहेत. राहणे उपांगा भागात, जिथे जिन्याजिन्यातून गुजराती आणि कच्छी ऐकू येते. पहिल्या आठवड्यातच माझी फजिती केली ती नात्यांच्या शब्दांनी. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई, ‘काका’ म्हणजे भाऊ आणि ‘दादा’ म्हणजे बहीण! ‘बाबा’ तेवढे बाबाच राहतात. मी गॅलरीतून मामांना मोठ्याने हाक मारली, तेव्हा खालचा पहारेकरी चक्रावून वर पाहू लागला, की या मिशीवाल्या गृहस्थांत याला आई कुठे दिसली! घरी कामाला येणाऱ्या बाईंना सगळे ‘दादा’ म्हणत, आणि त्या मला, एकोणीस वर्षांच्या पोराला, ‘काका’ म्हणत.

दुसरी फजिती घड्याळाची. तिकडे तास मोजतात ते सकाळी सहापासून. सात वाजले की एक वाजला, आठ वाजले की दोन. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला ‘सा म्बिली’ला, म्हणजे शब्दशः दोनला, भेटायला बोलावले. मी जेवूनखाऊन दुपारी दोनला हजर! ते सकाळी आठपासून वाट पाहून निघून गेलेले. पावणेदहाला तिकडे ‘सा न्ने कासोरो रोबो’ म्हणतात, म्हणजे चाराला पाव कमी. हा ‘कासोरो’ ऐकून मी थबकलो. हा तर आपला ‘कसूर’! दोन्ही भाषांना तो अरबीतून मिळाला. आपण त्याला माणसाची हयगय मानले, त्यांनी त्याला घड्याळातली तूट केले.

आता ‘कोसा’कडे येतो. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात. आपल्या लिंगांसारखे म्हणा, पण संख्येने पुष्कळ जास्त. ‘कोसा’ ज्या वर्गात बसतो त्यात फळ, अंडे, आंबा अशी मंडळी आहेत. तुंडा-मातुंडा, याई-मायाई, एंबे-माएंबे, तसे कोसा-माकोसा. चूक ही आंब्यासारखी टोपलीत मोजून ठेवता येणारी वस्तू आहे, ही कल्पना मला फार आवडली. व्याकरणाच्या जाणकारांनी हसावे. या वर्गामुळे ‘माझा’ हा शब्द ‘लांगु’ होतो आणि ‘तुझा’ हा ‘लाको’. कोसा लांगु, माझी चूक. कोसा लाको, तुझी चूक.

याचेच क्रियापदही ‘कोसा’च, आणि तिथे मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटते. इंग्रजीत बस चुकायला एक शब्द आणि गणित चुकायला दुसरा. आपल्याकडे गाडी चुकते, नेम चुकतो, गणित चुकते आणि माणूसही चुकतो. तिकडेही तसेच. ‘निमेकोसा बासी’, माझी बस चुकली. ‘आमेकोसा पेनाल्टी’, त्याची पेनल्टी हुकली. समारंभाला बोलावताना ‘उसिकोसे’, चुकवू नकोस. आपल्या ‘न चुकता’ला तर हुबेहूब ‘बिला कुकोसा’ असा जोडीदार आहे. पुढे मात्र आपले ‘चुकणे’ मागे पडते. ‘निमेकोसा काझी’ म्हणजे मला काम मिळाले नाही; ‘निमेकोसा उसिंगिझी’ म्हणजे मला झोप मिळाली नाही. त्यावरून ‘उकोसेफु’, म्हणजे अभाव. ‘उकोसेफु वा आजिरा’ म्हणजे बेकारी. ज्याला नोकरी मिळत नाही त्याच्या वाक्यातही हा चुकीचाच धातू येऊन बसतो, हे मला आधी अन्यायाचे वाटले. मग लक्षात आले, की तिकडे त्या धातूच्या पोटात दोष कमी आणि हुकणे जास्त आहे.

या धातूची पिल्लेही पाहण्यासारखी आहेत. ‘कोसाना’ म्हणजे एकमेकांना चुकणे, पण आपल्यासारखे गर्दीत नव्हे; भांडण होऊन दुरावणे. आपली चुकामूक स्टेशनावर होते, त्यांची मनात. चूक करणारा तो ‘म्कोसाजी’ आणि दुसऱ्याच्या चुका काढणारा, टीकाकार, तो ‘म्कोसोआजी’. दोघांत एका ‘ओ’चे अंतर! आमच्या वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी हे ध्यानात ठेवावे. आणि शुद्धलेखनाच्या चुकांपासून कोर्टातल्या गुन्ह्यांपर्यंत सगळ्यांना ‘माकोसा’ हा एकच शब्द चालतो, त्यापुढे कशाच्या चुका ते जोडायचे.

घरात मात्र हा शब्द पहिले सहा-सात महिने मला जवळजवळ एकाच रूपात ऐकू आला : कोसा लाको. मामांची स्वाहिली अस्खलित आहे, असे आम्ही सगळे समजत असू. मी दादांकडून थोडी थोडी शिकू लागल्यावर कान उघडे झाले, तेव्हा जाणवले की मामांच्या वाक्यांत क्रियापदे आहेत ती बहुतेक आज्ञार्थी. लेटा, आण. वेका, ठेव. ओशा, धू. फुंगा, बंद कर. आणि काही बिघडले की कोसा लाको. पहारेकऱ्याला, ड्रायव्हरला, नळवाल्याला, दादांना. त्यांची एक आवडती म्हणही होती, त्या देशात सर्वांच्या तोंडी असलेली : ‘कुफान्या कोसा सि कोसा, कोसा नि कुरुदिया कोसा.’ चूक करणे ही चूक नव्हे, चूक पुन्हा करणे ही चूक. म्हण उत्तम आहे, पण मामांच्या तोंडी तिचे तोंड नेहमी समोरच्याकडे असे. मामा वाईट माणूस नाहीत. दादांच्या मुलीच्या शाळेची फी दोनदा त्यांनीच भरली. पण वीस वर्षांत ‘कोसा लांगु’ म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली नव्हती. हिशेबनिसाचे घर, चुका बाहेरून यायच्या.

२०२३ च्या मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या डब्यातून दहा हजार शिलिंगची एक नोट कमी भरली. आपले साधारण ३५० रुपये. त्या डब्यात वाणसामानाचे पैसे असत आणि तो कोणालाही हाताशी होता. मामींनी दादांना विचारले. दादा म्हणाल्या, ‘सिकुचुकुआ’, मी घेतले नाहीत. मामींनी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, आवाज न चढवता. संध्याकाळी मामा आले. पगारातून कापू, पण परत असे झाले तर दुसरे काम शोध, असा निकाल झाला. मी तिथेच टेबलाशी बसून ताटातली भाजी चिवडत होतो.

दोन दिवसांनी पँट धुवायला टाकताना खिशातून चुरगळलेल्या सुट्या नोटा निघाल्या आणि सगळे आठवले. रिक्षाला तिकडे ‘बजाजी’ म्हणतात, आपल्या आकुर्डीच्या कृपेने. त्या दिवशी क्लासला उशीर झाला म्हणून मी बजाजी केली होती, आणि भाड्यासाठी डब्यातली नोट उचलली होती. मामींना सांगायचे घाईत राहून गेले. ती नोट मीच घेतली होती.

मी मामींना सांगितले, ‘‘मामी, माझ्याकडून चूक झाली.’’ मामी म्हणाल्या, ‘‘असू दे रे, होतं असं. सांगून घेत जा पुढच्या वेळी.’’ झाले! घरच्यांपुरते प्रकरण मिटले. मामींनी स्वयंपाकघरात जाऊन दादांना पैसे सापडल्याचे सांगितले, पगार कापणार नाही म्हणून सांगितले आणि वर म्हणाल्या, ‘‘पोले, दादा.’’

हा ‘पोले’ म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना तो ‘सॉरी’ वाटतो. मामींनाही वाटत असे. तिकडे कोणाला ठेच लागली की पाहणारा म्हणतो पोले. ताप आला, पोले. नुसता कामात घाम गाळत असला तरी येणारा-जाणारा म्हणतो, ‘पोले ना काझी’. तुला त्रास होतो आहे हे मला दिसते आहे, इतकाच त्याचा अर्थ. हा त्रास मी दिला, असा नव्हे. क्षमा मागायला वेगळा शब्द आहे, ‘सामाहानी’. म्हणजे मामींनी जे म्हटले त्याचा दादांच्या कानाला लागलेला अर्थ असा : तुमच्यावर आळ आला ना, वाईट झाले हो! जणू तो आळ रस्त्यातल्या दगडासारखा कुठूनसा आला होता.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दादा भांडी घासत असताना मी जाऊन उभा राहिलो. वाक्य मनात जुळवून ठेवले होते. म्हटले, ‘‘सामाहानी, दादा. कोसा लिमेटोकेआ.’’ व्याकरण बिनचूक होते. अर्थ, चूक घडली आहे.

त्यांनी मान वर न करता विचारले, ‘‘कोसा ला नानी?’’ कोणाची चूक?

खरे सांगतो, मला आधी वाटले की त्या माझे व्याकरण तपासताहेत. मग घसा कोरडा पडला. मी म्हटले, ‘‘कोसा लांगु.’’ त्या भांडी घासत राहिल्या. तेव्हा त्यांनीच काही दिवसांपूर्वी शिकवलेले एक रूप आठवले आणि मी म्हणालो, ‘‘निमेकुकोसेआ, दादा.’’

हा एकच शब्द आहे, पण त्यात एक अख्खे वाक्य मावते. ‘नि’ म्हणजे मी. ‘मे’ म्हणजे झालेले, पूर्ण झालेले. ‘कु’ म्हणजे तुला. आणि ‘कोसेआ’ म्हणजे कोणाच्या बाबतीत चुकणे. मी, तुझ्याशी, चुकलो आहे. त्यातला ‘कु’ काढला तरी वाक्य उभे राहते. ‘निमेकोसेआ’, मी चुकलो. गणित चुकल्यावर किंवा वाट चुकल्यावर तेवढे पुरते. पण ज्याला दुखावले तो समोर उभा असला तर ‘कु’ची जागा रिकामी ठेवलेली त्याला ऐकू येते.

दादांनी हात पुसले. म्हणाल्या, ‘‘बासी. याइशे.’’ बस्स, संपू दे ते आता. हसल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी आमच्याकडचे काम सोडले. दुसरीकडे पगार जास्त मिळतो, असे मामींना सांगितले. तसे असेलही.

तर माझे मत असे. परक्याची भाषा शिकताना आपण ‘कोसा लाको’ आधी शिकतो. ‘किती?’, ‘महाग आहे’, ‘आण’, ‘ने’, ‘तुझी चूक’ ही आपली बाराखडी. मी नेलेल्या छोट्या संभाषण-पुस्तकातही हॉटेलात चमचा मागायची वाक्ये होती, विमानतळावर सामान हरवल्याची होती. मी तुझ्याशी चुकलो, हे वाक्य नव्हते. दोष पुस्तकवाल्याचा नाही. प्रवाशाला हे लागेल, असे त्याच्या मनातच आले नसावे. पण ज्या देशात आपण महिनोन् महिने राहतो, ज्यांच्या हातचे खातो, त्यांच्या भाषेत हे वाक्य येत नसेल तर मी म्हणेन, ती भाषा आपल्याला येत नाही. मग आपण कितीही भरभर बोलत असू. शेकडो वर्षांच्या देवघेवीत दुकानाचे ‘दुका’, गाडीचे ‘गारी’ आणि लाखाचे ‘लाकी’ आपल्याकडून तिकडे गेले. परत येताना आपल्या लोकांनी निदान हे एक रूप तरी नीट उचलायला हवे होते.

वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मित्राला हे सगळे सांगितले तर तो म्हणाला, ‘‘शब्दात काय आहे? ज्याला वाईट वाटायचं त्याला मराठीतही वाटतं. आणि ज्याला नाही वाटायचं तो तुझा ‘कु’ घालूनही कोडगाच राहील.’’ त्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. स्वाहिली बोलणारे सगळे संत आहेत असे मी म्हणत नाही. तिथेही हातातून पेला फुटला की माणूस पटकन ‘बाहाती म्बाया’, नशीब खराब, म्हणून मोकळा होतो. आणि ‘कोसा लिमेटोकेआ’ हे पळवाटीचे वाक्य मी स्वाहिलीतच तर बोललो होतो! पळवाट प्रत्येक भाषेत असते. परंतु आपण रोज काय म्हणतो ते जरा ऐकावे. ‘चूक झाली.’ पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. ‘माझ्याकडून चूक झाली.’ ती झालीच होती, फक्त माझ्या अंगणातून गेली. ‘माझं चुकलं’ हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. पण काय चुकले ते त्यात नाही आणि कोणाशी तेही नाही. ‘मी तुझ्याशी चुकीचा वागलो’ असे मराठीत म्हणता येते, कोणी अडवलेले नाही. पण ते आपण भांडण अगदी विकोपाला गेल्यावर, रडवेल्या आवाजात म्हणतो. साडेतीनशे रुपयांसाठी कोणी म्हणत नाही, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना तर नाहीच. मित्राच्या उरलेल्या निम्म्याला माझे उत्तर हेच आहे. मामींशी मराठीत बोलताना मी चार शब्दांत सुटलो. मला आडवे आले ते ‘कोसा ला नानी?’

या देशात या गोष्टीचा विचार वरच्या पातळीवरही झालेला आहे. टांझानियाचे राष्ट्रनेते जुलियस न्येरेरे यांनी १९६२ च्या आरंभी पंतप्रधानपद सोडून पक्षाच्या बांधणीला वाहून घेतले, आणि त्याच वर्षी एक छोटी पुस्तिका लिहिली. नाव ‘तुजिसाहिहिशे’. पुन्हा एकाच शब्दात वाक्य : आपण स्वतःला दुरुस्त करू या. यातला ‘साहिहि’ म्हणजे बरोबर, आणि स्वाहिलीत त्याचा अर्थ सहीसुद्धा होतो, आपल्यासारखाच. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालेले नाही आणि नेता स्वपक्षीयांना म्हणतो आहे, आपण स्वतःला दुरुस्त करू या! पुढे त्यांच्याच राजवटीत १९७२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्था मोडीत निघाल्या आणि १९७६ मध्ये सहकारी संघ बरखास्त झाले. १९८४ मध्ये, अजून राष्ट्राध्यक्षपदावर असताना, न्येरेरे यांनी एका मुलाखतीत सांगून टाकले, की पुन्हा सुरुवात करायची झाली तर या दोन गोष्टी मी करणार नाही. त्यांच्या धोरणांवर टीका करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नाहीत. शेतकऱ्यांचे जे नुकसान व्हायचे ते तोवर झाले होते. तरीसुद्धा खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपल्या चुकांची नावे घेऊन त्या मोजून दाखवाव्यात, याचे मला अप्रूप वाटते. एक, दोन. टोपलीतल्या आंब्यांसारख्या.

मामांना मी हे ऐकवले होते. ते म्हणाले, ‘‘त्याला परवडत होतं. मी असं ऑफिसात म्हणत बसलो तर उद्या घरी बसवतील.’’ यात तथ्य आहे. ज्याची नोकरी दुसऱ्याच्या हातात असते त्याला ‘कोसा लांगु’ महाग पडते. पण दादांचीही नोकरी आमच्याच हातात होती. आणि न केलेल्या चुकीची किंमत त्यांच्या पगारातून वळती होणार होती.

परत निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी दादांना फोन केला. मुलगी आता कितवीत आहे ते विचारायचे होते, आणि येतो म्हणून सांगायचे होते. पलीकडून एका पुरुषाचा झोपमोडीचा आवाज आला. मी दादांचे नाव सांगितले. तो म्हणाला, ‘‘उमेकोसेआ नांबा, काका.’’ नंबर चुकला तुझा, भाऊ. मी वहीत पाहून पुन्हा लावला. नंबर तोच होता, आवाजही तोच. या वेळी तो वैतागला.

‘‘सामाहानी,’’ मी म्हटले, ‘‘कोसा लांगु.’’